स्थाननिर्णय आणि लोणारची भग्न देवळे

लीळाचरित्र लीळा सांगते. ती लीळा नेमकी कोठे झाली, हे स्थानपोथी सांगते. देवळाचे दार कोणत्या दिशेस, पटिशाळा कोणत्या अंगास, तेथून आसनस्थान कोणीकडे, इतका बारकावा तीत आहे. म्हणून स्थानपोथी हा केवळ स्थानवंदनाचा ग्रंथ नव्हे. यादवकालीन देवळांचा तो शब्दांतील नकाशाच होय.

लोणारचे उदाहरण घ्यावे. सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामी व यादवराजा कान्हरदेव यांची भेट येथलीच. उल्कापाताने काळ्या पाषाणात पडलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरातील पाणी खारे. काठावरील धारेचे मात्र गोड. गावातील दैत्यसूदनाचे कोरीव देऊळ यात्रिक पाहतात. सरोवराकाठच्या झाडीतील पडक्या देवळांकडे क्वचितच कोणी वळतो. त्यांना सरसकट हेमाडपंती म्हणून मोकळे होण्याची रीत आहे. पण अशी बांधणी हेमाद्रीच्या आधीही होतीच.

शिखर पडले तरी स्थाननिर्णयास फारसे अडत नाही. जोते, उंबरा, पायरी शाबूत असली की पोथीतील वाक्याशी दिशा ताडता येते. खरा घात होतो तो जीर्णोद्धारात. भक्तीने फरशी बसते, सोयीसाठी नवे दार पडते, जुना उंबरा गाडला जातो. मग पोथीतील ‘उत्तरेस’ हा शब्द कोठून मोजावा, हेच कळेनासे होते. स्थानाची डागडुजी करणाऱ्या महंतांनी व उपदेशी मंडळींनी जुन्या जोत्याचे माप, दारांच्या दिशा आणि उंबऱ्याची जागा आधी टिपून ठेवावी. दगड हलल्यावर ते साधत नाही.