विमान बदलण्याची सफर : तिकीट एक की दोन?

आपल्या बांधवांना परदेशाची सफर आता नवी राहिलेली नाही. भिवंडी, मालेगाव, सोलापूरचा कापडवाला पूर्वी माल मुंबईच्या आडत्याच्या हवाली करून मोकळा होत असे. आज तो स्वतः दुबईच्या देऱ्यात जातो, इस्तंबूलला जातो, चीनमध्ये क्वांगचौच्या मेळ्याला जातो. परंतु ठाण घेताना दोन्ही बाजूंनी उलटून, उजेडात धरून पाहणारा हाच व्यापारी तिकीट मात्र भाव विचारून दोन मिनिटांत घेतो. सरळ जाणारे विमान असेल तर त्याने फारसे बिघडत नाही. मध्ये कोठे विमान बदलायचे असेल तर मात्र तिकिटाची विण पाहिलीच पाहिजे. मी ती पाहिली नाही, त्याची हकीकत आधी सांगतो.

क्वांगचौचा मेळा १९५७ पासून भरतो. वर्षातून दोनदा, वसंतात व शरदात, तीन टप्प्यांत तो असतो आणि कापडाचा भाग तिसऱ्या टप्प्यात येतो. २०२४ चा शरदातला तिसरा टप्पा ३१ ऑक्टोबर ते ४ नोव्हेंबर असा पाचच दिवसांचा होता. भारत व चीन यांच्यातील थेट विमाने २०२० पासून बंद होती (ती २०२५ च्या ऑक्टोबरात कोलकाता-क्वांगचौ मार्गाने पुन्हा सुरू झाली), म्हणून आम्हाला मध्ये विमान बदलणे भागच होते. मी व माझा भाचा पडद्याचे कापड आणि लेस पाहायला निघालो. दलालाने क्वालालंपूरमार्गे तिकीट काढून दिले. माणशी सात हजार रुपये वाचत होते. त्याच्या पेढीच्या कागदावर दोन्ही विमाने एकाखाली एक छापलेली होती, मध्ये साडेचार तासांचा अवधी होता. मला वाटले, झाले काम.

मुंबईहूनच विमान दोन तास चाळीस मिनिटे उशिरा सुटले. क्वालालंपूरला आम्ही सकाळी साडेसातऐवजी दहा वाजून दहा मिनिटांनी उतरलो. पुढचे विमान बाराला होते. वाटले, पावणेदोन तास आहेत, दरवाजा शोधला की झाले. परंतु ट्रान्सफरच्या काउंटरवर बाईंनी कागद पाहून सांगितले की ही दोन वेगळी तिकिटे आहेत, दोन वेगळ्या कंपन्यांची आहेत, आणि तुमचे सामान इथेच पट्ट्यावर येणार आहे. शिवाय पुढचे विमान टर्मिनल दोनवरून सुटते. क्वालालंपूरची दोन टर्मिनले वेगवेगळ्या इमारतींत आहेत. एकीकडून दुसरीकडे रेल्वेने तीन-चार मिनिटे लागतात, पण त्या रेल्वेत बसण्यासाठी इमिग्रेशन ओलांडून मलेशियात दाखल व्हावे लागते. २०२३ च्या डिसेंबरपासून भारतीयांना तेथे व्हिसामाफी मिळालेली होती म्हणून बाहेर तरी पडता आले. रांग, सामानाची वाट, रेल्वे, धावपळ. काउंटरवर पोहोचलो तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती. काउंटर अकराला बंद झाले होते. विमान समोर उभे होते आणि आम्ही बाहेर.

पहिल्या कंपनीकडे फोन केला. ते म्हणाले, आम्ही तुम्हाला क्वालालंपूरला पोहोचवले, आमचा करार संपला. दुसरी कंपनी म्हणाली, तुम्ही वेळेवर आला नाहीत. दोघांचेही म्हणणे नियमाने बरोबर होते आणि म्हणूनच जास्त झोंबले. दुसऱ्या दिवशीची नवी तिकिटे, रात्रीची खोली, जेवणखाण. वाचवलेल्या पैशांच्या तिप्पट गेले. त्याहून मोठे नुकसान असे की ज्या लेसवाल्याशी पहिल्या दिवशी दुपारची वेळ ठरली होती, त्याने ती लॉट दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिली. भाच्याने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, याचीच जास्त शरम वाटली.

एक तिकीट म्हणजे काय?

मुंबई ते क्वांगचौ हा सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल, मग मध्ये दोन कंपन्यांची विमाने का असेनात, तर तुम्हाला अखेरच्या गावी पोहोचवण्याची जबाबदारी तिकीट देणाऱ्यांवर राहते. पहिले विमान उशिरा आले व दुसरे चुकले तर पुढच्या उपलब्ध विमानात ते जागा देतात, त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. दोन तिकिटे असतील तर तो दोन वेगळ्या दुकानदारांशी केलेला सौदा आहे. एकाच्या उशिराचा जाब दुसऱ्याला विचारता येत नाही.

दलालाचा छापील कागद पाहून हे कळत नाही. ई-तिकिटाचा तेरा आकडी क्रमांक मागा. दोन्ही विमानांसमोर तोच क्रमांक असेल तर तिकीट एक. वेगळे क्रमांक असतील आणि विशेषतः त्यांचे पहिले तीन आकडे वेगळे असतील, तर सावध व्हा, कारण ते तीन आकडे तिकीट देणाऱ्या कंपनीची खूण असतात. दलालाला स्पष्ट शब्दांत विचारा, "सामान शेवटपर्यंत जाईल का? पहिले विमान चुकवले तर दुसरे कोण देणार?" उत्तर कागदावर लिहून घ्या. व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आपल्याला कुरआनातच आहे. तिकीटही व्यवहारच आहे.

एकाच तिकिटाचा आणखी एक फायदा. प्रत्येक विमानतळासाठी विमान बदलण्याचा कमीत कमी वेळ ठरलेला असतो आणि त्याहून कमी अवधीचे एकत्र तिकीट संगणक सहसा विकतच नाही. दोन वेगळी तिकिटे घेताना असा पहारेकरी नसतो. कोणाला दोन तिकिटे घ्यावीच लागली तर मध्ये एक रात्र ठेवावी असे माझे मत झाले आहे. लोक हसतात, हसू द्या.

एकत्र तिकिटाची एक अडचणही सांगितली पाहिजे. त्यातला पहिला टप्पा तुम्ही स्वतःहून सोडला, म्हणजे मुंबईऐवजी दिल्लीहून परस्पर चढू असा विचार केला, तर बहुतेक कंपन्या पुढचे सर्व टप्पे, परतीचाही, रद्द करतात. बेत बदलला तर आधी कळवून तिकीट बदलून घ्यावे.

काउंटरवर काय पाहावे

मुंबईच्या काउंटरवर दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास मागून घ्या. सामानाला चिठ्ठी लागते तिच्यावर शेवटच्या गावाची तीन अक्षरे आहेत का, हे स्वतः वाचा. क्वांगचौसाठी सीएएन, क्वालालंपूरसाठी केयूएल, दुबईसाठी डीएक्सबी. क्वांगचौला जायचे असताना चिठ्ठीवर केयूएल असेल तर सामान मध्येच उतरणार, हे तिथल्या तिथे कळते. त्या चिठ्ठीचा छोटा तुकडा पासपोर्टात ठेवा, फेकू नका.

आंतरराष्ट्रीय विमानाचे काउंटर बहुतेक कंपन्या साठ मिनिटे आधी बंद करतात, काही पंचाहत्तर मिनिटे आधी. विमानाचा दरवाजा वीस-पंचवीस मिनिटे आधी बंद होतो. बोर्डिंग पास खिशात आहे म्हणजे विमान थांबेल, असा समज करून घेऊ नये. नमाजसाठी दुबई, दोहा, क्वालालंपूर या विमानतळांवर स्वतंत्र खोल्या आहेत. उतरल्यावर आधी आपला दरवाजा किती लांब आहे हे पाहून मग तिकडे जावे. सफरमध्ये कसरची सवलत आहेच. मुस्लिम जेवण साधारण चोवीस तास आधी, आणि प्रत्येक विमानासाठी वेगळे, नोंदवून घ्यावे.

तारखेत फार लोक फसतात. १५ तारखेला ००:३० ला सुटणारे विमान म्हणजे १४ तारखेच्या रात्री घरून निघायचे. आणि तिकिटावरची वेळ त्या त्या गावची असते: दुबईचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, क्वालालंपूर व चीनचे अडीच तास पुढे.

नावाबद्दल आपल्या लोकांनी जास्त जपले पाहिजे. पासपोर्टावर मोहम्मद पूर्ण लिहिले असेल तर तिकिटावर मोहद किंवा एमडी नको. संयुक्त अरब अमिरातीने २१ नोव्हेंबर २०२२ पासून पासपोर्टावर एकच नाव, आडनावाची जागा कोरी, अशा प्रवाशांना टूरिस्ट व व्हिजिट व्हिसावर प्रवेश बंद केला. पुढे खुलासा आला की पासपोर्टाच्या दुसऱ्या पानावर वडिलांचे किंवा खानदानाचे नाव असेल तर चालेल. आपल्याकडे एकाच शब्दाचे नाव लावणारे बुजुर्ग व बहिणी पुष्कळ आहेत. त्यांनी तिकिटाआधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्यावा. पासपोर्टाची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी.

मधल्या विमानतळावर

उतरल्यावर 'अरायव्हल'ची पाटी सोडा, 'ट्रान्सफर' किंवा 'कनेक्टिंग फ्लाइट्स' ही पाटी धरा. घाईत गर्दीच्या मागे जाऊन इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहिलेले लोक मी दर सफरीत पाहतो. पुन्हा सुरक्षा तपासणी होते. हातातल्या पिशवीत शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी अत्तराची बाटली असेल तर ती तेथे जाईल. कारागीर बांधवांनी कात्री, ब्लेड, हत्यारे मोठ्या सामानातच द्यावीत; पॉवर बँक मात्र हातातच ठेवावी, ती मोठ्या सामानात चालत नाही. दरवाजाचा क्रमांक बदलतो, म्हणून बोर्डिंग पासवर छापलेल्यापेक्षा पडद्यावर दिसेल तो खरा माना.

कागदाची प्रतही जवळ हवी. १९ जुलै २०२४ रोजी जगभर संगणक बंद पडले तेव्हा आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. फोनवर सगळे ठेवणाऱ्यांची त्या दिवशी पंचाईत झाली.

परतीची गोष्ट वेगळी आहे. परदेशातून मुंबईला उतरून पुढे नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरला विमानाने जायचे असेल तर साधारणतः सामान मुंबईतच घेऊन, कस्टममधून काढून, पुन्हा द्यावे लागते. पुढचे विमान सहारचे टर्मिनल दोन की सांताक्रूझचे टर्मिनल एक, हे पाहा. नवी मुंबईचा विमानतळही २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाला आहे. तिकिटावर बीओएम असेल तर मुंबई, एनएमआय असेल तर नवी मुंबई. मध्ये खाडी आहे. आणि परदेशी विमान पकडायला गावाहून येताना त्याच दिवसाच्या देशी विमानावर भरवसा ठेवू नका. २०२५ च्या डिसेंबरात देशात हजारो उड्डाणे रद्द झाली, तेव्हा आदल्या रात्री रेल्वेने निघालेले वेळेवर पोहोचले.

सामान आले नाही तर

हॉल सोडण्यापूर्वी सामानाच्या काउंटरवर लेखी तक्रार करून तिची प्रत घ्यावी. भारत २००९ पासून मॉन्ट्रियल करारात आहे. त्यानुसार सामान फुटले-फाटले असेल तर मिळाल्यापासून सात दिवसांत, उशिरा मिळाले तर एकवीस दिवसांत लेखी तक्रार हवी. एकवीस दिवसांत आले नाही तर ते हरवले असे धरून भरपाई मागता येते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे, म्हणजे रुपयांत दोन लाखांच्या आतबाहेर. ही मर्यादा आहे, हक्काची ठोक रक्कम नव्हे. नुकसान दाखवावे लागते, म्हणून बिले जपा. दावा दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. देशातल्या कंपनीने दाद दिली नाही तर सरकारच्या एअरसेवावर तक्रार नोंदवता येते.

नमुन्यांचा मात्र कोणी पैशांत मोबदला देऊ शकत नाही. प्रत्येक वाणाची एक कापणी, रंगपत्रक आणि भावाची वही मी आता हातातल्या पिशवीत ठेवतो. २०२५ च्या मेळ्याला आम्ही पुन्हा गेलो, या वेळी एकाच तिकिटावर, माणशी सात हजार जास्त देऊन. काउंटरवर सामानाची चिठ्ठी माझ्याआधी भाच्याने वाचली.