डुकरांचा खोकला व फुप्फुसदाह : प्रतिबंध आणि उपाय

पावसाळ्याच्या अखेरीस व थंडीच्या दिवसांत वराहगृहांतून खोकल्याचा आवाज ऐकू येऊ लागतो. जनावर खाते-पिते, मरत नाही, म्हणून पुष्कळ पालक तिकडे दुर्लक्ष करतात. वास्तविक नुकसानीस येथूनच आरंभ होतो. फुप्फुसांचा काही भाग निकामी झालेले डुक्कर खाद्य खाते, परंतु त्या मानाने त्याचे वजन वाढत नाही. ते विक्रीस उशिरा येते आणि मधल्या दिवसांच्या खाद्याचा खर्च पालकाच्या अंगावर पडतो. दोन-तीन माद्यांवर प्रपंच चालविणाऱ्या कुटुंबाचा संपूर्ण वेताचा नफा एवढ्याने बुडू शकतो.

रेंगाळणाऱ्या कोरड्या खोकल्याचे प्रमुख कारण मायकोप्लाझ्मा हायोन्युमोनी हा सूक्ष्म जंतू होय. श्वासनलिकेच्या अस्तरावर केसांसारखे बारीक तंतू असतात व ते धूळ आणि कफ सतत बाहेर लोटीत असतात. हा जंतू त्या तंतूंचा नाश करतो. मग पाश्चुरेलासारखे इतर जंतू फुप्फुसांत सहज शिरतात व साध्या खोकल्याचे फुप्फुसदाहात रूपांतर होते. मूत्र व विष्ठा कुजून निघणारा अमोनिया वायूही श्वासमार्गाच्या याच अस्तरास इजा करतो. कोंदट वराहगृह हे जंतूंचे जोडीदारच समजावे.

अमोनिया ओळखण्यास उपकरण लागत नाही. सकाळी डुक्कर झोपते त्या जागी उकिडवे बसून त्याच्या नाकाच्या उंचीवर काही श्वास घ्यावेत. डोळे चुरचुरल्यास हवा बिघडली आहे असे समजावे. उभ्याने पाहणाऱ्यास हे कळत नाही, आणि आपण बहुतेक जण उभ्यानेच पाहणी करून परततो.

थंडी पडली की चारी बाजूंस गोणपाट वा ताडपत्री लावून वराहगृह बंद केले जाते. हेतू चांगला, परिणाम मात्र उलटा. गार वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये एवढाच आडोसा जमिनीलगत, डुकराच्या उंचीपर्यंत करावा. छपराखालची बाजू रात्रंदिवस मोकळी ठेवावी. नवजात पिलांस पहिल्या आठवड्यात सुमारे 32 ते 34 अंश सेल्सिअस उष्णता लागते. ती कोरडा पेंढा व दिवा यांच्या साह्याने पिलांच्या कोपऱ्यातच द्यावी. जमिनीस नालीकडे उतार असावा. वाढत्या डुकरास छपराखाली निदान 10 चौरस फूट जागा मिळावी. भरड्याची धूळ उडत असल्यास त्यावर थोडे पाणी शिंपडून तो घालावा.

रोग बहुधा विकत आणलेल्या जनावराबरोबर येतो. नवीन डुक्कर 30 दिवस दूर, वेगळ्या जागी ठेवावे व त्याचे काम सर्वांत शेवटी करावे. निरनिराळ्या वयांची डुकरे एकत्र कोंडू नयेत. मोठ्यांचा रोग लहानांस लागतो. एक गट विकल्यावर कप्पा धुऊन, चुना मारून पूर्ण वाळू द्यावा व मगच दुसरा गट भरावा.

पहाटे खाद्य घालण्यापूर्वी डुकरांना उठवावे व किती जनावरे खोकतात ते मोजावे. सर्वच खोकला एका प्रकारचा नसतो. एक-दोन दिवसांत सर्व कळप तापाने पडून खोकू लागला, तर इन्फ्लुएंझाची शंका घ्यावी. हा रोग माणसाकडूनही डुकरांस होतो. सन 2009 च्या साथीत तसे अनेक देशांत आढळले. म्हणून सर्दी-तापाच्या माणसाने आत जाऊ नये. मोकाट चरणाऱ्या डुकरांत गांडुळे खाल्ल्याने फुप्फुसातील कृमी होतात. तेथे विष्ठा तपासून जंतनाशक द्यावे. प्रतिजैविकावर पैसे घालविण्यात अर्थ नाही. नाकातून रक्तमिश्रित फेस येऊन धष्टपुष्ट डुक्कर अचानक मेले, अथवा तीव्र ताप येऊन कानांवर तांबडे-निळे डाग पडले व मृत्यू वाढले, तर जनावर विकू वा कापू नये. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा रोग सन 2020 मध्ये भारतात प्रथम आढळला. त्यावर औषध नाही.

आजारी जनावर लगेच वेगळे करावे. स्वस्थ डुकराचे तापमान सुमारे 102 ते 103 अंश फॅरनहाइट असते. ते 104 च्या वर गेले, अथवा पोटाच्या बाजू भात्याप्रमाणे हलू लागल्या, तर पशुवैद्यास बोलवावे. ओरडणाऱ्या डुकरास बळाने तेल वा काढा पाजण्याची रीत पूर्णपणे सोडावी. तो द्रव श्वासनलिकेत जातो व नसलेला फुप्फुसदाह निर्माण होतो. इंजेक्शन पशुवैद्याने सांगितलेल्या मात्रेत व तितके दिवस पुरे करावे. खोकला थांबला म्हणून दुसऱ्या दिवशी बंद करू नये. औषध दिल्याची तारीख कप्प्यावर खडूने लिहून ठेवावी, आणि पशुवैद्याने सांगितलेली मुदत उलटेपर्यंत ते जनावर मांसासाठी देऊ नये.