तोरू दत्त आणि बागेंतील सुरूचें झाड

कोंकणकिनाऱ्यावर ज्यांचें जाणें झालें असेल त्यांनीं सुरूचें झाड पाहिलें असेलच. वारा सुटला म्हणजे त्याच्या बारीक पानांतून समुद्राच्या गाजेसारखा, किंवा कोणी दूर रडत असल्यासारखा, आवाज निघतो. अशाच एका झाडावर एका बंगाली ख्रिस्ती मुलीनें इंग्रजींत कविता लिहिली. तिचें नांव तोरू दत्त. आजच्या पाठांत तिची ओळख करून घ्यावयाची आहे. ज्यांस इंग्रजी येत नाहीं त्यांनीं बिचकूं नये. कवितेचा नाद परभाषेंत उतरत नाहीं हें खरें, पण तिचें मन उतरतें.

तोरूचा जन्म कलकत्त्यास ता. ४ मार्च १८५६ रोजीं झाला. अब्जू हा वडील भाऊ, अरू ही वडील बहीण, व तोरू सर्वांत धाकटी. १८६२ सालीं वडील गोविंदचंद्र ह्यांनीं कुटुंबासह बाप्तिस्मा घेतला. आईचें मन प्रथम वळेना. पुढें मात्र तिनें एका इंग्रजी भक्तिपर पुस्तकाचें बंगालींत भाषांतर केलें. नव्या मंडळींतील पुष्कळ घरांना हा अनुभव परिचयाचा आहे.

१८६५ सालीं अब्जू वारला. १८६९ सालीं आईबाप दोन्ही मुलींना घेऊन युरोपास गेले. फ्रान्सांत नीस येथें मुली कांहीं महिने शाळेंत होत्या. पुढें इंग्लंडांत केंब्रिज येथें स्त्रियांसाठीं होणारीं व्याख्यानें त्यांनीं ऐकलीं. १८७३ सालीं सर्वजण परत आले, आणि पुढच्याच वर्षीं अरू क्षयानें गेली. ती वीस वर्षांची होती.

तोरूनें फ्रेंच कवितांचीं इंग्रजी रूपांतरें केलीं होतीं, व त्यांत अरूचींही थोडीं होतीं. तें पुस्तक १८७६ सालीं कलकत्त्यांतील भवानीपूरच्या एका छापखान्यांत निघालें. त्याच्या नांवाचा अर्थ ‘फ्रेंच शेतांत वेंचलेली पेंढी’ असा. रूथेनें बवाजाच्या शेतांत सरवा वेंचला ही गोष्ट आपणांपैकीं कोणास ठाऊक नाहीं? परक्याच्या शेतांत जाऊन कणसें गोळा करणारी ही दुसरी मुलगी. पुस्तकाचें रूप इतकें गरीब होतें कीं, लंडनांत एडमंड गॉस नांवाच्या टीकाकाराच्या हातीं तें आलें तेव्हां त्याला त्यापासून कांहींच आशा वाटली नाहीं. वाचल्यावर मात्र तो चकित झाला.

ह्याच काळांत ती वडिलांबरोबर संस्कृत शिकूं लागली. येथें कोणी विचारील, ख्रिस्ती मुलीनें सावित्री, ध्रुव, प्रल्हाद ह्यांच्या कथा कां लिहाव्या? सीतेवरील कवितेंत ह्याचें उत्तर सांपडतें. अंधाऱ्या खोलींत तीन मुलें आईच्या तोंडून सीतेची कहाणी ऐकत आहेत व रडत आहेत, एवढाच तो देखावा आहे. त्या तिघांपैकीं दोघे लिहितेवेळीं हयात नव्हते. धर्म बदलला म्हणून आईचा आवाज पुसून टाकावयाचा काय?

पण ती जुन्या कथा जशाच्या तशा स्वीकारीत नाहीं. विष्णुपुराणांतील भरतराजाची गोष्ट पाहा. राजा राज्य सोडून वनांत गेला; तेथें एक पोरकें हरिणपाडस त्यानें वांचविलें; त्याच्या मायेंत तप सुटलें, आणि मरतांना त्याची दृष्टि त्या हरिणावरच होती. पुराणकार म्हणतो, ही आसक्ति म्हणजे दोष. तोरू ही कथा आदरानें सांगते, आणि शेवटीं पुराणकाराशीं भांडते. प्रीति करणें हें पाप कसें? चूक झाली असेल तर ती माणसें टाकून वनांत जाण्यांत झाली. देवाची सेवा जगाच्या गर्दींतच करावयाची असते. शिक्षकांनीं ही गोष्ट वर्गांत सांगून मुलांचें मत अवश्य विचारावें. माझ्या मतें तिच्या कथाकवितांपैकीं कांहींत यमकें ओढून आणलेलीं आहेत. पण येथें तिचें स्वतःचें मन स्वच्छ ऐकूं येतें.

तिचीं पत्रेंही वाचनीय आहेत. एकदां इंग्लंडांतील मैत्रीण मेरी मार्टिन हिला लिहितांना तिनें आपल्याच देशबांधवांना ‘नेटिव्ह’ म्हटलें. मैत्रिणीनें टोकलें. तोरूनें चूक कबूल केली व तो शब्द सोडण्याचें वचन दिलें. परभाषेंत राहतां राहतां तिचे तुच्छतेचे शब्द आपल्या तोंडीं कसे बसतात, पाहा!

आतां सुरूच्या झाडाकडे वळूं. खोडाला अजगराप्रमाणें वेढणारी वेल, पहांटे शेंड्यावर बसलेलें वानर, रात्रीं गाणारा पक्षी, हें सर्व त्या कवितेंत आहे. पण तोरू म्हणते कीं झाड सुंदर म्हणून प्रिय नाहीं. त्याच्याखालीं जीं भावंडें खेळलीं त्यांच्यामुळें प्रिय आहे. परदेशच्या किनाऱ्यावरही तिला त्याचा विलाप ऐकूं आला. झाडाला मरण येऊं नये, एवढेंच तिचें मागणें.

तिला स्वतःलाही क्षयानें गांठलें होतें. ‘जीवनवृक्ष’ ह्या कवितेंत ती आजारी पडली आहे व वडिलांनीं तिचा हात धरला आहे. तिला सोन्याचांदीच्या पानांचें झाड दिसतें, आणि देवदूत त्यांतलीं पानें तिच्या कपाळीं बांधतो. ती विनविते, माझ्या बाबांनाही बांधा. देवदूत एका पानानें त्यांच्या कपाळाला स्पर्श करितो आणि हळूच नकार देतो. डोळे उघडते तों वडील हात धरून तसेच बसलेले.

ता. ३० ऑगस्ट १८७७ रोजीं, एकविसाव्या वर्षीं, ती प्रभूकडे गेली. तिच्या कागदांत वडिलांना एक फ्रेंच कादंबरी सांपडली. ती १८७९ सालीं पॅरिसला छापली गेली. पुराणकथांच्या व सुरूच्या कवितांचें पुस्तक १८८२ सालीं लंडनांत निघालें. तीनही मुलें गमावलेले गोविंदचंद्र तें पाहण्यास होते. ते १८८४ सालीं वारले.