पल्स इंडक्शन धातुशोधक : पहिले पंधरा मायक्रोसेकंद



पल्स इंडक्शन धातुशोधकात बहुधा एकच कॉइल असते. जमिनीत चुंबकीय क्षेत्र तीच सोडते आणि उत्तरही तीच ऐकते. बॅटरीतून सुमारे १०० मायक्रोसेकंद प्रवाह दिला जातो आणि मग तो एकदम तोडला जातो. क्षेत्र कोसळताना जवळच्या धातूत भोवरा-प्रवाह उठतात, आणि ते विरता विरता कॉइलमध्ये अगदी क्षीण व्होल्टेज उमटवतात. लोखंडाच्या मोठ्या तुकड्यात हे प्रवाह शेकडो मायक्रोसेकंद टिकतात, तर सोन्याच्या बारीक दाण्यात काही मायक्रोसेकंदांतच संपतात. म्हणून प्रवाह तुटल्यावर यंत्र किती लवकर ऐकू लागते, यावर त्याची लायकी ठरते. कॉइल, केबल, रेझिस्टर, अॅम्प्लिफायर हे सगळे त्या पहिल्या दहा-पंधरा मायक्रोसेकंदांसाठी राबतात. घरी केलेल्या यंत्रातले बहुतेक दोषही तिथेच दडलेले असतात.

ही पद्धत ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात पुरातत्त्वशोधासाठी वापरात आली. तिचा सोन्यासाठी खरा उपयोग ऑस्ट्रेलियात १९९०च्या दशकात झाला, कारण तिथल्या लोहयुक्त लाल मातीपुढे साधे धातुशोधक हात टेकत होते. आपल्याला हे यंत्र सौदी अरेबियात चालवायचे आहे, आणि त्या देशाच्या पश्चिम भागाची अडचण याच जातीची आहे. तांबड्या समुद्रालगत पसरलेल्या अरेबियन शील्डच्या प्राचीन खडकांत सोन्याच्या शिरा आहेत. मदीना प्रांतातल्या महद अद-धहबची खाण इस्लामपूर्व काळापासून माहीत असून आजही चालू आहे. त्याच भागात हर्रत म्हणजे लाव्हाची काळी पठारे आहेत. मदीनेजवळच्या हर्रत रहातचा शेवटचा उद्रेक १२५६ साली झाला. त्या बेसाल्टमधली चुंबकीय खनिजे धातू नसतानाही सिग्नल देतात. पल्स इंडक्शन यंत्र या खनिजांकडे पुष्कळ प्रमाणात दुर्लक्ष करते, पूर्णपणे मात्र नाही. ते कुठल्याही जमिनीत चालते हा समज सोडून द्यावा.

बांधणीची सुरुवात कॉइलपासून करावी, सर्किट बोर्डापासून नव्हे. मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिळणारी ०.५ मिलिमीटरची इनॅमल वायर घेऊन २६ सेंटिमीटर व्यासाच्या साच्यावर वीसेक वेढे घेतले की सुमारे ३०० मायक्रोहेन्रीची कॉइल होते. तिचा रोध सुमारे दीड ओहम भरतो. १२ व्होल्टवर १०० मायक्रोसेकंदांत तिच्यातून अडीच ते तीन अँपिअर वाहतात. वेढे घट्ट बांधून इपॉक्सीत बसवावेत. सैल राहिलेला एखादा वेढा चालताना हलतो आणि यंत्र कारण नसताना बोलू लागते. कॉइल आणि केबल यांची मिळून कपॅसिटन्स जेवढी कमी तेवढे बरे. साधी कोॲक्सियल केबल मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड भरते, म्हणून ती गरजेपेक्षा लांब ठेवू नये. कॉइलभोवतीच्या शील्डसाठी ग्राफाइटचा रंग चांगला. जाड अॅल्युमिनियम फॉइल टाळावे, कारण लवकर ऐकणाऱ्या यंत्राला ते स्वतःच धातू म्हणून दिसते. कोणतेही शील्ड पूर्ण वर्तुळात जोडू नये. थोडी फट ठेवावी, नाहीतर तो एक बंद वेढाच होतो.

प्रवाह तोडण्याचे काम मॉस्फेट करतो. आयआरएफ ७४० हा ४०० व्होल्टचा मॉस्फेट सहज मिळतो आणि चालतो. त्याच्या गेटला दहा-बारा व्होल्ट लागतात. मायक्रोकंट्रोलरचे ५ व्होल्ट थेट दिले तर तो अर्धवट उघडतो आणि तापतो. नवशिक्याच्या बोर्डावर ही चूक वारंवार दिसते. प्रवाह तुटताच ड्रेनवर ४०० व्होल्टच्या आसपास झटका उमटतो. तिथे बोट लावू नये, आणि ऑसिलोस्कोपचा प्रोब १०:१ वर असल्याची व तो एवढे व्होल्टेज सोसतो याची खात्री केल्याशिवाय तोही लावू नये. मध्य सौदीतल्या नेजदच्या कोरड्या हिवाळ्यात अंगावर स्थिर वीज साचते, तेव्हा मॉस्फेट हाताळण्यापूर्वी अर्थ केलेल्या धातूला स्पर्श करावा.

झटक्यानंतर कॉइल घंटेसारखी निनादते. हा निनाद कॉइलला समांतर लावलेला डॅम्पिंग रेझिस्टर शमवतो. ३०० मायक्रोहेन्री आणि एकूण २०० पिकोफॅरड धरले तर त्याचे गणिती मूल्य सुमारे ६१० ओहम येते. पण मूल्य कागदावरून घेऊ नये. १ किलोओहमचा प्रीसेट लावून ते प्रत्यक्ष शोधावे. अॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर स्कोप ठेवून वक्र पाहावा. तो शून्याखाली डोकावून परत वर आला तर रेझिस्टर मोठा आहे. रेंगाळत खाली आला तर लहान आहे. दोन्हींच्या मधोमध जिथे वक्र सर्वांत लवकर आणि न डगमगता शून्यावर बसतो, ते मूल्य मोजून एक-दोन वॉटचा मेटल फिल्म रेझिस्टर कायमचा लावावा. वायरवाउंड रेझिस्टर इथे चालत नाही, कारण तो स्वतःच एक छोटी कॉइल असतो. केबल किंवा कॉइल बदलली की हे जुळवणे पुन्हा करावे लागते. या एका कामात घातलेली संध्याकाळ पुढचे अनेक दिवस वाचवते.

अॅम्प्लिफायरच्या तोंडाशी १ किलोओहमचा रेझिस्टर आणि उलटसुलट जोडलेले दोन १एन४१४८ डायोड लागतात. त्यांच्यामुळे झटका अर्ध्या-पाऊण व्होल्टवर अडतो. पुढे एनई ५५३४ सारखा ऑप-अॅम्प हजारपटीच्या आसपास वर्धन देतो. मग पहिला नमुना बारा-पंधरा मायक्रोसेकंदांवर घेतला जातो आणि दुसरा बऱ्याच उशिरा, शंभरेक मायक्रोसेकंदांवर. पहिल्यातून दुसरा वजा होतो. दुसऱ्यात बारीक लक्ष्याचे फारसे काही उरलेले नसते, पण पृथ्वीच्या क्षेत्रात कॉइल हलल्याने उठलेले व्होल्टेज दोन्हींत सारखेच असते, म्हणून ते गळून पडते.

दोष शोधताना याच क्रमाने जावे आणि एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची धरू नये: आधी बॅटरी आणि रेग्युलेटर, मग गेटचा पल्स, मग ड्रेनचा झटका, मग वक्र, मग नमुन्यांच्या वेळा, आणि आवाज सर्वांत शेवटी. झटका बुटका आला तर वेढे आपसात शॉर्ट झाल्याचा, किंवा शील्डच बंद वेढा बनल्याचा संशय घ्यावा. अॅम्प्लिफायर एका टोकाला अडकून बसला तर ऑफसेट आणि तोंडाजवळचे डायोड तपासावेत. यंत्र मुके आहे म्हणून थेट आवाजाचा भाग बदलत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे.

सौदीत एक खास घोळ वीजपुरवठ्याचा आहे. भारतातली वीज ५० हर्ट्झची, सौदीतली ६० हर्ट्झची. सेकंदाला ७२५ पल्स सोडणारे यंत्र नाशकात शांत राहते, कारण ७२५ हे ५०च्या दोन पटींच्या बरोबर मधोमध येते. रियाधमध्ये ६०ची बारावी पट ७२० होते. फरक फक्त ५ हर्ट्झचा उरतो आणि आवाज सेकंदाला पाच वेळा हेलकावू लागतो. दोष सर्किटचा नसतो, पल्सच्या दराचा असतो. तो ६९० वर आणला, म्हणजे साडेअकरा पटींवर, की फरक ३० हर्ट्झ होतो आणि अनेक पल्सची सरासरी काढणारा इंटिग्रेटर तो पुसून टाकतो. ६०० मात्र दोन्ही देशांत टाळावे.

उन्हाळ्यात रियाधचे तापमान ४५ अंशांपलीकडे जाते आणि उन्हातल्या काळ्या डब्यात त्याहून बरेच अधिक. डबा पांढरा असावा, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर १०५ अंशांचे घ्यावेत, आणि शून्य जुळवणे यंत्र बाहेरच्या हवेत पुरते तापल्यावर करावे. किनाऱ्यालगतच्या सबखात, म्हणजे ओल्या खाऱ्या जमिनीत, मिठाचे पाणी स्वतः वीज वाहते. तिथे पहिला नमुना काही मायक्रोसेकंद पुढे ढकलावा लागतो आणि बारीक सोने तेवढे हातचे जाते. ही देवाणघेवाण टळत नाही.

चाचणीसाठी रियालचे नाणे, भरीव अंगठी आणि लोखंडी खिळा पुरे. सोन्याची साखळी घेऊ नये. तोळाभराची असली तरी तिच्या बारीक कड्यांत भोवरा-प्रवाहाला मोठी वाट मिळत नाही, आणि चांगले यंत्रही तिला जवळजवळ ओळखत नाही. लोखंड आणि सोने यांतला भरवशाचा भेद हे साधे यंत्र करत नाही, हेही आधीच जाणून असावे. वाळवंटात त्याला सर्वाधिक सापडतात ती बाटल्यांची झाकणे आणि तारेचे तुकडे.

यंत्र घेऊन कुठे जावे, हा प्रश्न सर्किटाइतकाच महत्त्वाचा आहे. रब अल-खालीच्या वाळवंटातल्या वाबर विवरांपाशी, जिथे ब्रिटिश शोधप्रवासी फिल्बी १९३२ साली पोचला, लोह-उल्केचे तुकडे विखुरलेले होते. त्यांतला दोन टनांहून जड तुकडा आज रियाधच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. अशा गोष्टी वाचून मोह होतो. पण सौदी कायद्यानुसार पुरातन वस्तू राज्याच्या मालकीच्या आहेत, परवान्याशिवाय त्यांच्यासाठी खोदणे गुन्हा आहे, आणि खनिजशोधासाठी उद्योग व खनिज संपत्ती मंत्रालयाचा परवाना लागतो. नोकरीसाठी आलेल्या परदेशी माणसाचा इकामाही, म्हणजे निवासाचा परवानाही, यात पणाला लागतो. चाचणी राहत्या आवारात, मालकाच्या संमतीने, स्वतः पुरलेल्या वस्तूंवरच करावी. जुने भांडे, नाणे किंवा कोरीव दगड अवचित लागला तर तो हलवू नये; खोदणे तिथेच थांबवून हेरिटेज कमिशनला कळवावे.

— मामा