शर्यतीच्या घोड्याची दुसरी शाळा

अमेरिकेतील ‘केंटकी डर्बी’ ही घोड्यांची अत्यंत मानाची शर्यत. १९८६ साली ती फर्डिनंड नावाच्या घोड्याने जिंकली. पुढे त्याला पैदाशीसाठी जपानमध्ये नेण्यात आले. तेथे त्याला मागणी राहिली नाही. २००२ साली त्याची रवानगी कत्तलखान्यात झाली असावी, अशी बातमी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा अश्वप्रेमी हळहळले. डर्बी जिंकणाऱ्याची ही गत, तर सामान्य घोड्याचे काय?

विद्यार्थी मित्रांनो, शर्यतीचा घोडा निवृत्त झाला म्हणजे तो म्हातारा झाला असे नव्हे. ‘थरोब्रेड’ जातीचा घोडा २-३ वर्षांचा असतानाच धावू लागतो आणि बहुधा १० वर्षांचा होण्याआधीच मैदान सोडतो. घोडा सुमारे २५ वर्षे जगतो. म्हणजे निवृत्तीनंतर त्याचे निम्म्याहून अधिक आयुष्य उरते. मग त्याला लगेच घोडेस्वारीच्या शाळेत का देत नाहीत? कारण त्याआधी त्याचे शरीर आणि सवयी, दोन्ही बदलाव्या लागतात.

आधी पोट आणि पाय

धावण्यासाठी जोर यावा म्हणून या घोड्याला ओटसारखे धान्य भरपूर देतात. घोडा मुळात गवत खाणारा प्राणी. त्याच्या मोठ्या आतड्यातील असंख्य सूक्ष्मजीव गवतातील तंतू कुजवून त्यापासून ऊर्जा मिळवून देतात. खुराक एकाएकी बदलला तर या सूक्ष्मजीवांचा समतोल बिघडतो आणि पोटशूळ उठतो. तो घोड्याच्या जिवावरही बेतू शकतो. म्हणून धान्य हळूहळू कमी करून गवत वाढवितात.

पुष्कळ घोडे पायाच्या दुखापतीमुळे निवृत्त होतात. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या भागास कंडरा म्हणतात. भरधाव धावताना पुढच्या पायाच्या कंडरेवर फार ताण पडून तिचे तंतू तुटतात. त्या भरून येण्यास कित्येक महिने लागतात आणि भरून आलेला भाग पूर्वीइतका लवचीक राहत नाही. असा घोडा शर्यतीत धावू शकला नाही, तरी सावकाश फिरावयास जाण्यास पुष्कळदा योग्य असतो.

मग नवा धडा

शर्यतीत जॉकी आखूड रिकिबीत पाय ठेवून घोड्याच्या पाठीवरून उचललेला असतो. नव्या कामात मात्र सवार खोगिरावर पूर्ण बसतो व त्याचे पाय घोड्याच्या कुशीला लागतात. घोड्याला हा स्पर्श अनोळखी असतो. शिवाय अमेरिकेत शर्यती डावीकडे वळत धावतात. तेव्हा तेथील घोड्याला उजवीकडे वळण्याचा सरावही द्यावा लागतो.

हे शिकवितात कसे? सवार पायाने हलकेच दाब देतो. घोडा योग्य दिशेला सरकताच दाब तत्काळ काढून घेतो. दाब जाणे हेच घोड्याचे बक्षीस! आवाज, छत्री, मोटार यांची भीती मात्र वेगळ्या रीतीने घालवितात. ती वस्तू प्रथम दुरून, मग जवळून, पुनःपुन्हा दाखवितात. त्रास होत नाही हे कळले की घोडा बुजणे सोडतो.

या शाळेतून बाहेर पडलेले घोडे अडथळ्यांवरून उड्या मारणे, पोलो, सवारी शिकविणे अशी कामे करतात. ब्रिटनमध्ये अशा घोड्यांसाठी २००० साली ‘रीट्रेनिंग ऑफ रेसहॉर्सेस’ ही संस्था स्थापन झाली. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील वॉलकिल येथील तुरुंगात तर कैद्यांनी निवृत्त घोड्यांची निगा राखण्याचा उपक्रम १९८४ मध्ये सुरू झाला. त्यात घोड्याला आसरा मिळतो आणि कैद्याला एक कसब. आपल्याकडेही मुंबई-पुण्याच्या मैदानांवरून निवृत्त झालेले काही घोडे घोडेस्वारीच्या शाळांत जातात. पाठीवर बसलेला नवशिका मुलगा डगमगला तरी शांत उभा राहणारा घोडा कधीकाळी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावलेला असू शकतो.

विचार करा : घोडा योग्य दिशेला सरकल्यावरही सवाराने दाब काढला नाही, तर घोडा काय शिकेल?