काउंटरवर दोनच प्रश्न

अमेरिकेतल्या दवाखान्यात ‘कुत्रा बाहेर ठेवून या’ हे ज्यांनी ऐकलंय, त्यांच्यात मीही आहे. हकीकत उगाळत बसत नाही. संताप याचा येतो की काउंटरवरच्या माणसाला जे ठाऊक असायलाच हवं, ते पेशंटने आजारपणात उभ्याउभ्या शिकवायचं. अपंगांच्या हक्कांचा तिथला कायदा, एडीए, १९९० सालचा. सर्व्हिस डॉग म्हणजे अपंगत्वाशी निगडित काम शिकवलेला कुत्रा, ही आजची व्याख्या २०११पासून लागू. कुत्रा कशासाठी आहे हे उघड दिसत नसेल तर दोनच प्रश्न विचारायचे: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. कागद मागायचा नाही, आजार विचारायचा नाही, ‘करून दाखवा’ म्हणायचं नाही. तरी पहिली मागणी कार्डाचीच होते! म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर घरूनच एका वाक्यात घोकून जा. ‘त्याच्यामुळे धीर येतो’ एवढंच म्हणालात तर संपलं. नुसती सोबत या व्याख्येत बसत नाही. ‘साखर उतरायला लागली की हा गुडघ्यावर नाक घासतो, मग मी ग्लुकोजची गोळी खाते’, हे काम झालं. नेटवर पैसे भरून मिळणारं रजिस्ट्रेशन मात्र घेऊ नका. कायद्यापुढे त्याला किंमत नाही, आणि तुम्ही ते दाखवलंत की पुढच्या माणसाकडेही तेच मागितलं जातं.

स्वच्छतेचा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. ऑपरेशन थिएटर, भाजलेल्यांचा वॉर्ड इथे मनाई करता येते, करावीच. पण वेटिंग रूममध्ये लोक रस्त्यावरच्या बुटांनिशी येतात, खोकतात, मुलं फरशीवर लोळतात. तिथे निर्जंतुकपणाचं कारण कसं चालेल? ॲलर्जीचा त्रास खरा असतो, पण त्यावर उपाय दोघांना वेगळं बसवणं हा. कुत्र्याला हाकलणं नव्हे. उरले घरच्या लाडक्याला सर्व्हिस डॉगचं जॅकेट चढवून आणणारे. त्यांच्यावर माझा राग दवाखान्यांपेक्षाही जास्त आहे, कारण त्यांच्या खोटेपणाचा संशय आमच्या वाट्याला येतो. तरी त्यांना रोखायला कार्ड लागत नाही: कुत्रा बेफाम झाला आणि मालकाने आवरला नाही, किंवा त्याला आत घाण न करण्याची शिस्त नसेल, तर बाहेर काढता येतं. मात्र पेशंटला कुत्र्याशिवाय उपचार घ्यायची मुभा द्यावीच लागते, आणि हेच सोयीस्करपणे विसरलं जातं. बाकी नेहमीचंच: अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, आवाज चढवू नका, नाकारणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा, तक्रार अमेरिकी न्याय खात्याकडे जाते. कुत्रा सांभाळणं हे स्टाफचं काम नाही, त्यामुळे भूल द्यायची असेल त्या दिवशी पट्टा धरायला घरचं कुणीतरी बरोबर न्या.