मॉइश्चर मीटरवरचं स्टिकर नेमकं काय सांगतं?

प्रश्न : जिनिंगवाल्याच्या मीटरवर माझ्या कापसाचा ओलावा ११ आला. भाव पटला नाही म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच गाडी खरेदी केंद्रावर नेली, तर तिथे १३ सांगून परत पाठवली. दोन्ही मीटरवर ‘कॅलिब्रेटेड’ असं स्टिकर होतं, एकावर तर एनएबीएलची खूणही. मग खरा कोण? आणि हे एनएबीएल तपासतं तरी काय?
— एक कापूस उत्पादक, कळंब (जि. यवतमाळ)

उत्तर : आधी पैशांचं बोलू. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये. हा पूर्ण भाव मिळतो तो ८ टक्के ओलाव्यापर्यंत. त्यापुढच्या दर टक्क्याला ८१ रुपये १० पैसे कापतात आणि १२ च्या वर गेलं की हमीभावाने खरेदी करणारं भारतीय कापूस महामंडळ (सीसीआय) कापूस घेतच नाही. म्हणजे ९ की १० हा वाद क्विंटलमागे ८१ रुपयांचा असतो, पण १२ की १३ हा वाद अख्ख्या गाडीचा. तुमचा राग रास्त आहे.

आता स्टिकर. कॅलिब्रेशन झालं म्हणजे मीटर दुरुस्त झाला, असा सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात कॅलिब्रेशनमध्ये मीटरचा आकडा एका खात्रीच्या आकड्याशी ताडून बघतात आणि फरक किती तो लिहून देतात, एवढंच. समजा, खरा ओलावा १० असताना मीटर १०.८ दाखवतो. प्रमाणपत्रात ०.८ ची चूक नोंदवली जाईल. मीटरला हात लावला नसेल तर तो उद्याही १०.८ च दाखवणार. वजाबाकी करायची ती वापरणाऱ्याने. होतं काय, की प्रमाणपत्र हापिसातल्या फायलीत राहतं, मीटर फाटकावर असतो आणि फाटकावरच्या पोराला कोणी वजाबाकी सांगितलेली नसते. स्टिकर खरं असतं, तरीही तुमचा आकडा चुकतो.

त्याच प्रमाणपत्रावर ‘अधिक-उणे’ असं लिहिलेला आणखी एक आकडा असतो. मोजमापात शंकेला किती जागा आहे, ते तो सांगतो. समजा ही जागा अधिक-उणे १ टक्क्याची आहे आणि मीटरने १२.४ दाखवलं. तर हा कापूस १२ च्या वर आहे असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, खाली आहे असंही नाही. प्रयोगशाळा ज्या मानकानुसार चालतात त्या आयएसओ/आयईसी १७०२५ च्या २०१७ च्या आवृत्तीत यावर नियम आहे : प्रयोगशाळा ‘पास’ किंवा ‘नापास’ असा शेरा देत असेल, तर ही शंका कोणाच्या पदरात टाकली, ते तिने स्पष्ट सांगावं. खरेदी केंद्र ही काही प्रयोगशाळा नाही, त्यामुळे तिथे हे बंधन नाही. शंकेचा सगळा भार आपोआप शेतकऱ्यावर पडतो, आणि हे मला पटत नाही.

एनएबीएल स्वतः एकही मीटर तपासत नाही. भारतीय गुणवत्ता परिषदेच्या अखत्यारीतलं हे मंडळ मीटर तपासणाऱ्यांना तपासतं. त्याचे परीक्षक प्रयोगशाळेत येतात, कागदपत्रं बघतातच, पण शिवाय तिथल्या माणसाला समोर उभं राहून चाचणी करायला लावतात. एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना पाठवून कोणाचा आकडा इतरांपासून किती भरकटतो, हेही पाहिलं जातं. प्रयोगशाळेची वजनं कोणाकडून तपासली, त्याने त्याची कोणाकडून तपासली, अशी साखळी बहुधा नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत जाऊन पोचते. आंतरराष्ट्रीय किलोग्रॅमची भारताला मिळालेली ५७ क्रमांकाची प्रत तिथेच आहे. (२० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या धातूच्या ठोकळ्यावरून नव्हे, प्लांकच्या स्थिरांकावरून होते. कळंबच्या काट्याला त्याने काही फरक पडला नाही.) परदेशांतल्या अशाच मंडळांशी परस्पर मान्यतेचा करार असल्याने इथला अहवाल तिकडेही ग्राह्य धरला जातो.

एक मेख मात्र लक्षात ठेवा. मान्यता अख्ख्या प्रयोगशाळेला सरसकट मिळत नाही. अमुक चाचणी, अमुक पद्धतीने, अमुक मर्यादेत, अशी यादी असते. धाग्याची लांबी मोजायची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे ओलाव्याची असेलच असं नाही. ही यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येते. भिंतीवर आयएसओ ९००१ चं प्रमाणपत्र चौकटीत लावून ‘आम्ही मान्यताप्राप्त’ म्हणणारे भेटतील. त्या कागदावरून कारभार शिस्तीत चालतो एवढंच कळतं, मोजमाप जमतं की नाही ते कळत नाही.

तरीही ११ आणि १३ एवढी तफावत एकट्या मीटरची असेल, असं मला वाटत नाही. फाटकावरचा मीटर पाणी मोजतच नाही. तो कापसातून वीज किती सहज जाते ते मोजतो आणि त्यावरून ओलाव्याचा अंदाज बांधतो. कापूस जास्त दाबला की आकडा चढतो. सरकीत पाणी वेगळं, रुईत वेगळं. सकाळी दवात उभ्या असलेल्या गाडीचा वरचा थर आणि दुपारी त्याच गाडीच्या पोटातला कापूस यांची तर तुलनाच नको. तुमची गाडी रात्रभर कुठे उभी होती, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

प्रयोगशाळेत नमुना १०५ अंश सेल्सिअसच्या भट्टीत, वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवतात. १०० ग्रॅमचे ९१ उरले तर ९ ग्रॅम पाणी. इथेही एक गोम आहे. ९ ला मूळच्या १०० ने भागलं तर ओलावा ९ टक्के. कापडधंद्याच्या रिवाजाप्रमाणे सुक्या ९१ ने भागलं तर जवळजवळ ९.९. कापूस तोच, पाणी तेवढंच. अहवाल हातात पडला की भागाकार कशाने केलाय ते आधी विचारा. कापसाच्या अशा चाचण्यांचं देशातलं जुनं घर म्हणजे मुंबईत माटुंग्याला १९२४ साली सुरू झालेली प्रयोगशाळा, आजची सिरकॉट. तिचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपूरला आहे.

पुढच्या खेपेला केंद्रावर स्टिकर बघून थांबू नका, प्रमाणपत्र मागा. त्यावर तारीख, मीटरचा क्रमांक आणि १२ टक्क्यांच्या आसपासची चूक किती, एवढं बघा. मीटरचा क्रमांक जुळला नाही तर तो कागद दुसऱ्याच मीटरचा समजा. आणि गाडीच्या एकाच कोपऱ्यातली मूठ न घेता चार-पाच जागी, वर-खाली मोजून सरासरी काढा, असा आग्रह धरा.

वजनकाट्याचं प्रकरण निराळं. तिथे शिक्का मारायचा अधिकार राज्याच्या वैधमापनशास्त्र विभागाचा. इलेक्ट्रॉनिक काटा आणि भुईकाटा यांची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी सक्तीची आहे आणि तिचं प्रमाणपत्र काट्याजवळ दिसेल असं लावावं लागतं. मुदत उलटलेली दिसली तर त्या विभागाच्या निरीक्षकाकडे तक्रार करता येते.